आज तू न्हाऊन घे

सोमवारी सकाळी पुन्हा तेच झालं. तरुलता मोरीपाशी दात घासत उभी होती, तेवढ्यात माजघराच्या दाराआडून निरंजनाभाभींनी हलक्या आवाजात हाक मारली, "तरु, आज तू न्हाऊन घे."

बाकी काही बोलायची गरज नव्हती. या घरात त्या शब्दांचा अर्थ एकच होता. लालजींची, म्हणजे देवघरातल्या बाळकृष्णाची, सेवा आज थोरल्या सुनेकडून धाकटीकडे. म्हणजे मंगळेला, सकाळच्या पहिल्या दर्शनाला, त्यांना जागं करण्यापासून रात्री निजवेपर्यंत सगळं तरुलताच्या हातचं, आणि भाभींनी चार दिवस देवघराच्या उंबऱ्याकडे फिरकायचंसुद्धा नाही. घरातल्या बाकीच्यांना सांगायचं, भाभींचा गुडघा धरलाय.

भाभी बासष्ट वर्षांच्या. सात वर्षांपूर्वी त्यांची पाळी, घरच्या भाषेत अटकाव, कायमची गेली, तेव्हा त्यांनी मोहनथाळ केला होता. कारण कोणाला सांगितलं नव्हतं, पण बायकांना कळलं होतं. आता बारा महिने सेवा आपली, मधे खंड नाही. आणि मग गेल्या दिवाळीत, बेसत्या वर्षाच्या म्हणजे पाडव्याच्या दिवशीच, त्यांना पुन्हा डाग दिसला. त्यांनी त्यावर तोच उपाय केला जो त्यांच्या सासूने शिकवला होता. बाजूला बसल्या, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाल्या, आणि विषय संपला. रक्त म्हणजे विटाळ आणि विटाळ म्हणजे चार दिवस, यापलीकडे त्या गेल्याच नाहीत.

तरुलताला त्या सकाळीही आनंद झाला. तो व्हायला नको होता हे तिला कळत होतं, तरी झाला. आज सोमवार, म्हणजे गुरुवारची अखात्रीज, अक्षय्य तृतीया, त्या चार दिवसांत येत होती. आणि या अखात्रीजेला लालजी कपडवंजच्या या घरात आले त्याला शंभर वर्षं होत होती. त्या दिवशी त्यांना चंदन लावायचं, राजभोगाचा मोठा नैवेद्य धरायचा, तो आपल्या हाताने!

न्हाऊन, कोरं लुगडं नेसून ती आत गेली. लालजींना उठवलं, झारी भरली, शृंगार केला. दुपारी राजभोग झाल्यावर बाहेर येऊन भिंतीवरची टिप्पणी, म्हणजे वैष्णवांचं पंचांग, तिने खाली ओढली आणि आजच्या तिथीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकशी फुली मारली. ही तिची जुनी खोड होती. ज्या दिवशी सेवा हाती आली त्या दिवशी फुली. नवरा, मुकुंद, गेल्यापासून आणि मुलगी सुरतेला नांदायला गेल्यापासून मोजण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

सरलाफोई दुपारी अमदावादहून आल्या त्या हातात तेलाची बाटली घेऊनच. भाभींचे यजमान हर्षदभाई आणि मुकुंद यांची ही थोरली बहीण, मुलांची फोई म्हणजे आत्या. माहेरच्या प्रत्येक कामात त्यांचा शब्द शेवटचा असे, निदान त्यांचा तसा समज होता.

"जय श्रीकृष्ण! भाभी, आधी इथे बसा. कुठला गुडघा?"

भाभी क्षणभर गोंधळल्या. "हा... डावा."

"परवा फोनवर उजवा म्हणालात."

"फिरता आहे तो," भाभी म्हणाल्या.

फोईंनी खाली बसकण मारली आणि भाभींचा धडधाकट गुडघा असा काही रगडला की त्या खरंच कळवळल्या. "बघा, किती दुखतोय! आणि तुम्ही अंगावर काढता." शैली, पराग आणि सोफ्यावर बसलेले हर्षदभाई हे सगळं गंभीरपणे बघत होते. शैली म्हणजे भाभींची सून, त्यांच्या परागची बायको. तिने तर दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंना हाडांच्या डॉक्टरकडे नेऊन पट्टासुद्धा आणला होता. तो पट्टा भाभी रोज इमानाने बांधत. तरुलताला हसू आवरेना. ती पदर तोंडाशी नेऊन पापडीची ताटली आणायला वळली.

"तरु, तू पण बस," फोई म्हणाल्या. "गुरुवारचं ठरवून टाकू. राजभोग भाभीच धरतील. खुर्ची टाका, पाट टाका, काय हवं ते करा. शंभर वर्षांचा दिवस आहे, थोरल्या सुनेचा मान आहे."

"सरलाबेन, मला नाही जमायचं," भाभी म्हणाल्या. "तरु करेल."

"का नाही जमायचं? मी आत्ता चोळलाय ना?"

"तरु करेल," भाभींनी पुन्हा म्हटलं.

फोईंनी मान वळवून तरुलताकडे पाहिलं. "हो, ती करेलच. आठ-नऊ वर्षांपूर्वीपण दीड वर्ष हिनेच केली होती ना? तेव्हापासून गोडी लागलीय. परत द्यायची वेळ आली तेव्हा तोंड केवढं झालं होतं, मी विसरले नाही हं."

"फोई, जाऊ द्या ना," पराग म्हणाला.

"मी काही वाईट बोलत नाही. पण सहा महिने बघतेय, जेव्हा फोन करावा तेव्हा 'सेवेत तरुकाकी'. घरात थोरलं कोण, धाकटं कोण?"

शैलीने तरुलताकडे रोखून पाहिलं. म्हणजे हिलाही तसंच वाटत होतं. तरुलताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने भाभींकडे पाहिलं. भाभींनी नजरेनेच विनवलं, पुरुष बसलेत, इथे नको. आणि तरुलता गप्प बसली. सवयच झाली होती तिला.

गप्प बसायला तिच्याकडे कारण होतं, आणि ते फक्त तिलाच माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी भाभींना असंच रक्त जायचं, तेव्हा महिन्यातले वीस-वीस दिवस. अंगात रक्त उरलं नव्हतं, जिना चढताना धाप लागायची. नडियादच्या डॉक्टरांनी पिशवीत पॉलिप, लहानशी गाठ, आहे म्हणून सांगितलं. कुठे कापाकापी न करता दुर्बीण घालून तो काढला. संध्याकाळी भाभी गुंगीत असताना डॉक्टर बाहेर आले आणि बाकड्यावर बसलेल्या तरुलतालाच म्हणाले, "पॉलिप साधाच दिसतोय, काळजी नाही. बहुतेकींना यानंतर कायमचं बरं वाटतं. पण काहींना तो पुन्हा होतो. म्हणून वर्षातून एकदा दाखवायचं. आणि पाळी बंद झाल्यावर एक थेंब जरी दिसला ना, तर दुसऱ्या दिवशी इथे. त्या वयात थांबायचं नसतं."

तरुलताने घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे." तेही खोटं नव्हतं. पण उरलेलं तिने सांगितलं नाही. त्या दिवशी तिच्या मनात एकच होतं, भाभी बऱ्या झाल्या, म्हणजे आता सेवा गेली. त्या रागात तिला तो थेंब महत्त्वाचा वाटला नव्हता. फाईलवर लिहिलं होतं म्हणून दोन वर्षं सोनोग्राफी झाली, मग तीही बंद पडली. सगळंच छान होतं तर दाखवायचं कशाला?

"काकी," शैली म्हणाली, आवाज गोड पण टोक असलेला, "मम्मींना तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतात त्या."

"मी काय सांगू?"

"की हा दिवस त्यांचा आहे. तुम्हाला तर नंतरही मिळेलच."

नंतरही मिळेल. तरुलताच्या डोळ्यांसमोर ते नंतर लख्ख उभं राहिलं. भाभी नसलेलं घर, आणि लालजींपुढे रोज ती एकटी. टिप्पणीच्या प्रत्येक चौकोनात फुली. हे तिला नको होतं.

ती उठली. तिने भिंतीवरची टिप्पणी ओढली, ती खिळ्यासकट उपसून आली तरी तिने बघितलं नाही. ती हर्षदभाईंसमोर जाऊन उभी राहिली. थोरल्या दिरांसमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि त्यांच्याशी थेट कधी बोलत नसे. निरोप असला तर तो भाभींमार्फत जाई. एकोणतीस वर्षं असंच चाललं होतं.

"मोटाभाई," ती म्हणाली, "भाभींच्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

हर्षदभाई दचकले. बोलणं त्यांच्या डोक्यात शिरण्याआधी आवाजच शिरला.

"तरु!" भाभी ओरडल्या.

"त्यांना रक्त जातंय. दिवाळीपासून. या फुल्या बघा. ज्या दिवशी मी सेवा केली त्या दिवसाची फुली आहे. म्हणजे त्या दिवशी त्या बाजूला बसल्या होत्या."

पुरुषांसमोर हे बोललं गेलं, हे फोईंनाही एवढं धक्कादायक वाटलं की त्या रागवायला विसरल्या. पराग जमिनीकडे बघत राहिला. हर्षदभाई उठले, अशा वेळी उठून बाहेर जायची त्यांची पद्धतच होती, पण दारापर्यंत जाऊन परत आले. त्यांनी टिप्पणी शैलीच्या हातात दिली. "मोज बेटा."

शैलीने कार्तिकापासून पानं उलटली. तिचा चेहरा उतरत गेला. "तेहतीस दिवस," ती म्हणाली. "नऊ वेळा. आणि शेवटचे तर पंधरा-पंधरा दिवसांनी. मम्मी! मी तुम्हाला गुडघ्याचा पट्टा बांधत होते!"

"छान बसतो तो," भाभी पुटपुटल्या.

मंगळवारी राजभोग आटोपून सगळे नडियादला गेले. जुने डॉक्टर आता बसत नव्हते, त्यांच्या सूनबाई दवाखाना बघत होत्या. त्यांनी सोनोग्राफी केली आणि टिप्पणी टेबलावर पसरून तिच्याकडे दोन-तीन मिनिटं बघत राहिल्या.

"इतका व्यवस्थित हिशेब माझ्याकडे कुठल्या पेशंटने आणला नव्हता," त्या म्हणाल्या. "पिशवीचं अस्तर जाड झालंय, आणि आत पुन्हा पॉलिप आहे."

"म्हणजे मागचं ऑपरेशन फुकट गेलं?" हर्षदभाईंनी विचारलं.

"फुकट कसं? तेव्हा यांचं रक्त पाचावर आलं होतं, फाईलमध्ये आहे. त्यानंतर साडेसात वर्षं त्या सुखात राहिल्या. तो पॉलिप गेला तो गेला, पण पिशवी तीच आहे, तिच्यात नवा होऊ शकतो. पुष्कळजणींना पुन्हा कधीच होत नाही, यांना झाला. पाळी गेल्यानंतरचा आहे म्हणून मला तो काढून तपासायलाच हवा. बहुतेक वेळा साधाच निघतो. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे. निरंजनाबेन, मागच्या वेळी तुम्हाला सांगितलं नव्हतं का, की पाळी गेल्यावर डाग दिसला तर लगेच यायचं?"

"नाही," भाभी म्हणाल्या.

"मला सांगितलं होतं," तरुलता म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. डॉक्टरबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा भाभींकडे पाहिलं आणि त्या कागदांकडे वळल्या. "दुर्बिणीचं काम मी गुरुवारी करते. या गुरुवारी घेऊ."

"या गुरुवारी अखात्रीज आहे," भाभी लगेच म्हणाल्या. "सेवा नाही तर नाही, लांबून दर्शन तरी घेईन. पुढच्या गुरुवारी करा."

"आठवड्याने काही बिघडत नाही तसं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बिघडतं," तरुलता म्हणाली. "आठवड्याने पाहुणे येतील, मग कोणाचं लग्न निघेल, मग एकादशी. सहा महिने असंच चाललंय. याच गुरुवारी."

"तरु, तुझा दिवस आहे तो," भाभी म्हणाल्या. "तू घरी राहा तर. शैली येईल माझ्याबरोबर."

तरुलताला वाटलं, हो म्हणावं. कोणी नावं ठेवली नसती. तिने लालजींचे चंदनाने गारठलेले इवलेसे हात डोळ्यांसमोर आणले, मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला, आणि म्हणाली, "मागच्या वेळी बाकड्यावर मी बसले होते. या वेळी पण मीच बसेन. आणि सांगतील ते सगळं घरी सांगेन."

परतताना शैली पुढे पराग गाडी चालवत होता त्याच्याशेजारी बसली आणि मागे या दोघी. हर्षदभाई दुकानाच्या कामासाठी नडियादलाच थांबले होते. डाकोरच्या फाट्यापर्यंत भाभी खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुम्ही मला काहीही बोला," तरुलता हळूच म्हणाली. "मी ऐकून घेईन."

"काय बोलू? तू सांगितलं असतंस तरी मी गेले असते असं कशावरून?"

"तरी सांगायला हवं होतं मी."

"हो, हवं होतं." भाभींनी तिच्याकडे पाहिलं. "आणि मी शैलीला सांगायला हवं होतं. पण प्रत्येक वेळी मी तुझ्याच दाराशी का येत होते, ठाऊक आहे? शैलीला कळलं असतं तर तिने मला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. तू बोलणार नाहीस, हे मला माहीत होतं. तुला सेवा मिळायची ना." त्यांनी तरुलताचा हात धरला. "मी लालजींना वापरलं ग, तुझं तोंड बंद ठेवायला. तू एकटी नाहीस."

तरुलता रडली. भाभींनी तिला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "बास. पुढे दोघं ऐकतायत."

"आम्ही काही ऐकत नाही," शैली पुढून म्हणाली, आणि नाक ओढलं.

राजभोग कोण धरणार, यावरून घरी परत एकदा वादळ उठलं. भाभी नाहीत, तरु नाही, शैलीला ओ का ठो येत नाही, आणि माहेर सोडून जन्म गेलेल्या फोईंना इथली रीतच आठवेना. शेवटी हर्षदभाई म्हणाले, "मी करतो." सगळ्या बायका हसल्या. हवेलीत, म्हणजे देवळात, पूजा करणारे मुखियाजी पुरुषच असतात, तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं, पण या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचा चहा गाळून घेतला नव्हता.

गुरुवारी सकाळी नऊला भाभींना आत नेलं. तरुलता बाकड्यावर बसली. साडेनऊला फोन आला, फोईंचा.

"तरु, चंदनाच्या गोळ्या केवढ्या करायच्या? हर्षद लिंबाएवढ्या करून बसलाय."

"बोराएवढ्या, फोई. आणि गुलाबजल त्या निळ्या बाटलीत आहे."

"भाभी आत गेल्या?"

"हो."

फोईंनी आवाज खाली आणला. "सोमवारी मी तुला बोलले," फोई म्हणाल्या, "ते मनात ठेवू नकोस हं. अगं, हा बघ काय करतोय, झारी उलटी ठेवलीय!" आणि फोन बंद झाला.

मग पाच-सात मिनिटांनी फोन येतच राहिले. नैवेद्याचे ठोर किती ठेवायचे, पडदा कधी ओढायचा. एकदा तर हर्षदभाई स्वतः बोलले, शब्द जुळवत जुळवत, "तरु बेटा, लालजींच्या कानातलं पडलं, पाप लागतं का?" तरुलता म्हणाली, "मोटाभाई, मेण लावलंय ना त्याला, दाबून बसवा." दवाखान्यातल्या नर्स एकमेकींकडे बघून हसत होत्या. तिकडे राजभोगाची वेळ झाली आणि इकडे ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं.

रिपोर्ट नऊ दिवसांनी आला. तो साधा नव्हता आणि कर्करोगही नव्हता. मधलाच होता. पेशी बदलायला लागल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणखी वर्षभर गुडघा दुखला असता तर मी आज वेगळं काही सांगत असते. आता पिशवी काढून टाकू, म्हणजे कायमचं मिटेल." तरुलताने त्यांचं एकूण एक वाक्य घरी येऊन सांगितलं, वाईटही आणि बरंही. शैलीने ते वहीत लिहून घेतलं. ज्येष्ठात पिशवी काढली. तिच्या तपासणीत पुढे काही निघालं नाही, तेव्हा हर्षदभाईंनी कोणाला न सांगता हवेलीत जाऊन भेट धरली. आता तपासणीच्या तारखा शैली टिप्पणीतच लिहून ठेवते, लाल शाईने.

आषाढात भाभी पुन्हा सेवेत आल्या. पंधरा दिवस रोज त्याच न्हाल्या. तरुलता बाहेर बसून भाजी निवडून द्यायची, फुलं गुंफायची. तिची तक्रार नव्हती. भाभी घरात हिंडतायत, झारी घासल्याचा आवाज येतोय, एवढं तिला पुरेसं वाटत होतं, निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

सोळाव्या दिवशी सकाळी ती मोरीपाशी दात घासत उभी होती. माजघराच्या दाराआडून हाक आली.

"तरु, आज तू न्हाऊन घे."

तरुलताच्या हातातला तांब्या निसटला. ती धावतच गेली. "भाभी! पुन्हा? अहो, आता तर पिशवीच नाही, कसं काय... शैली! शैली, ऊठ!"

"ओरडतेस काय सकाळी सकाळी?" भाभी म्हणाल्या. त्या दाराला टेकून उभ्या होत्या, चांगल्या टवटवीत. "मला काही झालेलं नाही. डाग नाही, गुडघा नाही, काही नाही."

"मग?"

"मग काय? तू न्हाऊन घे म्हटलं."

भाभींनी तरुलताच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तिला मोरीकडे ढकललं.

"जा, मंगळेला उशीर होईल," त्या म्हणाल्या. "आणि हो, दुपारी फुली मारायला विसरू नकोस."